मिस्वाक विका, पण खरे सांगून विका

जुम्याची नमाज आटोपून लोक मशिदीबाहेर पडतात तेव्हा फाटकाशी एक छोटा बाजार भरलेला असतो. अत्तराच्या कुप्या, टोप्या, तसबीह, सुरमा, खजूर आणि त्यांच्याच शेजारी प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलेल्या मिस्वाकच्या काड्या. रमजानमध्ये तर या काड्यांना एवढी मागणी असते की विक्रेत्याला बोलायलाही उसंत नसते. इतर दिवशी मात्र तो बोलतो, आणि काय बोलतो ते ऐकण्यासारखे असते. "दाताला कीड लागली असेल तर आठ दिवसांत मरेल, डॉक्टरकडे जायची गरज नाही." हेच वाक्य थोड्या फरकाने पाकिटावर छापलेले असते आणि मिस्वाकच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक मंजनांच्या डब्यांवरही असते.

आम्ही मुंबईत अशी काही पाकिटे मुद्दाम विकत घेऊन पाहिली. काडी कोणत्या महिन्यात तोडली, कोठून आली, कोणी भरली, यांपैकी एकही गोष्ट त्यांतील बहुतेक पाकिटांवर नव्हती. "कीड नष्ट करते" हे मात्र ठळक अक्षरांत होते. जे छापायला हवे ते नाही आणि जे सिद्ध झालेले नाही ते ठळक, असा हा उलटा व्यवहार आहे. आज आम्हास त्याविषयीच बोलावयाचे आहे.

हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर का घेतला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या परिचयातील एका घरात घडले. सहा वर्षांच्या मुलीची दाढ किडली होती. आईने मोठ्या विश्वासाने मिस्वाकयुक्त म्हणून विकले जाणारे मंजन आणले आणि तीन-चार महिने ते नेमाने लावले. डब्यावर लिहिले होते म्हणून तिने वाट पाहिली. एके रात्री मुलीचा गाल सुजला, ताप चढला, तेव्हा दंतवैद्याकडे धाव घेतली. दोन दाढा काढाव्या लागल्या. ती माउली आम्हास म्हणाली, "मी हयगय केली नाही हो, रोज लावत होते." तिने हयगय केली नव्हती हे खरेच आहे. तिला चुकीची माहिती विकली गेली होती.

कीड म्हणजे काय?

दाताच्या किडीला आपण कीड म्हणतो, परंतु तिथे कोणताही किडा नसतो. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात मांडले की तोंडातील जंतू अन्नातील साखर-पिठापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. पुढे १९२४ साली इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा काढला आणि त्यास स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स असे नाव दिले. आज दंतक्षयाच्या जंतूंमध्ये त्याचे नाव प्रथम घेतले जाते. त्याच्या जोडीला लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू असतात. दाताला खड्डा पडला की ते त्यात ठाण मांडतात.

या म्यूटन्स जंतूची दोन हत्यारे आहेत. साखर मिळताच तो तिच्यापासून लॅक्टिक आम्ल बनवतो. शिवाय त्याच साखरेपासून एक चिकट पदार्थ तयार करून तो दाताला घट्ट चिकटून बसतो. त्या चिकट थराखाली आम्लाचे प्रमाण वाढले आणि पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरील कठीण कवचातून कॅल्शियम निघून जाऊ लागते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच हे सुरू होते, आणि लाळेच्या साहाय्याने तोंड पूर्वस्थितीवर यायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एकदाच पोटभर मिठाई खाणाऱ्यापेक्षा दिवसभर गोड चहाचे घोट घेणाऱ्याचे आणि गोळ्या चघळणाऱ्या मुलाचे दात लवकर जातात.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की "कीड मारते" असा दावा करणाऱ्याने नेमके कोणाला मारायचे आहे हे तरी जाणले पाहिजे. हिरड्या सुजवणारे व दात हलवणारे जंतू वेगळे, आणि दात पोखरणारे जंतू वेगळे. ग्राहकाला दोन्ही "दाताचे दुखणे" वाटते. विक्रेत्याला हा फरक ठाऊक असला पाहिजे.

काडीत खरोखर काय आहे?

मिस्वाकची काडी ही पिलूच्या झाडाची मुळी किंवा फांदी. शास्त्रीय नाव साल्व्हाडोरा पर्सिका. अरबस्तानापासून आफ्रिकेपर्यंत आणि आपल्याकडे कच्छ-सौराष्ट्र, राजस्थानच्या खाऱ्या व कोरड्या जमिनीत हे झाड वाढते. प्रेषित मुहम्मद (स.) यांची ही आवडती सवय होती, म्हणून मुस्लिम घरांत काडीला केवळ वस्तू म्हणून पाहिले जात नाही. तोंड स्वच्छ ठेवण्याचे साधन म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेही गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात अशा काड्यांच्या वापरास उत्तेजन दिले होते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००८ साली मिस्वाकचे तुकडे निरनिराळ्या जंतूंसमोर ठेवून पाहिले. परिणाम जोरदार होता, आणि तो मिस्वाकच्या चाहत्यांना आनंद देणारा आहे. परंतु तो कोठे जोरदार होता हे नीट वाचले पाहिजे. हिरड्यांच्या रोगाशी संबंधित जंतूंवर काडीचा प्रभाव सर्वांत जास्त पडला. दात किडवणाऱ्या म्यूटन्सवर तो त्याहून कमी होता. लॅक्टोबॅसिलसवर तो सर्वांत कमी होता. २०११ साली त्याच चमूने काडीतील प्रभावी द्रव्य ओळखले. त्याचे नाव बेंझिल आयसोथायोसायनेट. मोहरीचा झणका ज्या कुळातील द्रव्यामुळे नाकात जातो, त्याच कुळातील हे द्रव्य. ताज्या मिस्वाकचा जिभेला जाणवणारा तिखटपणा तोच.

या दोन निष्कर्षांतून व्यापाऱ्याने दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली ही की हिरड्यांच्या बाबतीत मिस्वाकची बाजू भक्कम आहे, दात किडण्याच्या बाबतीत ती तितकी भक्कम नाही. दुसरी गोष्ट आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे. हे द्रव्य उडून जाणारे आहे. काडी वाळली, वर्षभर गोदामात पडून राहिली, उन्हात गाडीवर तापली, तर तिचा तिखटपणा जातो आणि त्याबरोबर तिचे बळही जाते. मग उरतात ते तंतू. ते दात घासण्यास उपयोगी पडतात, यात शंका नाही. दातावरचा चिकट थर घासून काढणे हे अर्धे काम आहे आणि काडी ते करते. पण मग ग्राहकाने औषधाचे पैसे देऊन नुसता ब्रश घेतला, असे होते.

डब्यावरचे नाव आणि डब्यातला माल

काडीवरून टूथपेस्टकडे आलो की प्रश्न आणखी बिकट होतो. या धंद्याचा इतिहास आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. परळमध्ये केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली विको सुरू केली आणि वज्रदंती घरोघर पोहोचवली. बलसारा कंपनीने लवंगेच्या तेलाचे नाव पुढे करून प्रॉमिस खपवली आणि मिस्वाकच्या नावाने मेसवाक बाजारात आणली. २००५ साली डाबरने बलसाराचा हा व्यवसाय १४३ कोटी रुपयांना विकत घेतला. म्हणजे एका काडीच्या आणि एका लवंगेच्या नावाला बाजारात किती मोल आहे हे बड्या कंपन्यांनी केव्हाच ओळखले होते. आमच्या लहान व्यापाऱ्यांनीही ते ओळखले, पण नावापुरतेच.

काडीवर झालेला प्रयोग पेस्टला लागू होत नाही. पेस्टमध्ये अर्क किती घातला, तो कसा काढला, उडून जाणारे द्रव्य त्यात टिकले की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या पेस्टची चाचणी झाल्याशिवाय मिळत नाहीत. जेष्ठमधाचेही तसेच. अमेरिकेत २००६ साली संशोधकांनी जेष्ठमधाच्या मुळीतून म्यूटन्सला रोखणारी नवी द्रव्ये काढली. पण ती चिनी जातीच्या जेष्ठमधातून काढली होती. आपल्या बाजारात मिळणारा जेष्ठमध सहसा दुसऱ्या जातीचा. एका झाडावरील प्रयोगाचे कात्रण दुसऱ्या झाडाच्या डब्यावर चिकटवणे याला आम्ही अज्ञान म्हणू, पण जाणूनबुजून केले तर त्याचे नाव वेगळे आहे.

बड्यांनाही ठेच लागते

कोणी म्हणेल, आयुर्वेद-युनानीच्या मालालाच तुम्ही का धरता, रासायनिक मालाची तपासणी कोण करतो? प्रश्न रास्त आहे. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक घ्या. १९७० साली डेन्मार्कमध्ये सिद्ध झाले की त्याच्या ०.२ टक्के द्रावणाने चुळा भरल्यास दातांवर थर जमत नाही. आजही दंतवैद्य हिरड्यांसाठी ते देतात. पण ते थोड्या दिवसांसाठी, कारण दात तपकिरी होतात आणि तोंडाची चव बिघडते. दात किडू नयेत म्हणून रोज वापरावे असे त्याचे पुरावे नाहीत.

ट्रायक्लोसानची कथा तर प्रत्येक व्यापाऱ्याने वाचण्यासारखी आहे. १९९७ साली अमेरिकेत ट्रायक्लोसान असलेली कोलगेट टोटल सरकारी मंजुरीने विक्रीस आली. पेस्टमध्ये ते हिरड्यांना लाभदायक ठरले होते. दात किडण्यावर त्याचा लाभ अल्पच दिसला. त्याच दशकात, १९९८ साली, संशोधकांनी दाखवले की हे द्रव्य जंतूच्या एका ठराविक विकरावर घाव घालते. म्हणजे प्रतिजैविकांप्रमाणेच जंतू त्यालाही सरावू शकतात. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हात धुण्याच्या साबणांतून ट्रायक्लोसान हद्दपार केले. पेस्टवर बंदी नव्हती, तरीही २०१९ साली कंपनीने टोटलची घडण बदलून ते काढून टाकले. एवढी मोठी कंपनी, एवढा मोठा खप, तरी पुरावा आणि लोकमत बदलले तसा माल बदलावा लागला. आमच्या मंजनवाल्यांना मात्र वीस वर्षांत डब्यावरील एक ओळ बदलावीशी वाटत नाही.

शिवाय तोंडातील सगळे जंतू मारणे हा मुळात इलाजच नव्हे. तोंडात शेकडो जातींचे जंतू नांदतात, त्यांतील पुष्कळसे निरुपद्रवी आहेत, काही तर उपयोगीही आहेत. तेव्हा "९९ टक्के जंतू मारतो" हा दावा ऐकताना ग्राहकाने भारावून जाऊ नये.

मग दात कशाने वाचतात?

उत्तर साधे आहे, आणि त्यात कोणाचा मोठा नफा नाही. गोड खाण्याच्या वेळा कमी करणे, दातांवरचा थर रोज घासून काढणे आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरणे. फ्लोराइड हे मुख्यतः जंतू मारत नाही, ते दातातून निघालेले खनिज परत बसवण्यास मदत करते. भारतात पेस्टमध्ये ते १००० पीपीएमपर्यंत घालता येते आणि प्रमाण ट्यूबवर छापावे लागते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइड पेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. त्याच यादीत सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडही आहे. यातील चांदी खड्ड्यातील जंतू मारते आणि फ्लोराइड दात कठीण करते. दंतवैद्याने दाताला ते थेंबभर लावले की पुष्कळ वेळा लागलेली कीड तिथेच थांबते. ना सुई लागते, ना यंत्र. किडलेला भाग काळा पडतो, एवढाच त्याचा दोष. दात किडण्यावर "जंतुनाशक" म्हणून ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे ते हे द्रव्य आहे. आमच्या परिचयातील त्या मुलीला वेळेवर दंतवैद्याकडे नेले असते, तर तिच्या दाढा कदाचित वाचल्या असत्या.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे. तेथील वाचकांनी लहान मुलांच्या पेस्टबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा, हे येथे सांगितले पाहिजे.

खरे सांगितले तर माल खपेल काय?

आमच्या एका व्यापारी स्नेह्याने आम्हास तोंडावर विचारले, "लोक श्रद्धेने काडी घेतात. तुम्ही जंतूंची नावे कशाला मधे आणता? आणि कमी सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाईल, त्याचे काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. जो श्रद्धेने घेतो त्याला कीड मारण्याचे आमिष दाखवण्याची गरजच काय? तो तसाही घेणार आहे. आमिष दाखवले की श्रद्धेच्या वस्तूला आपण हमीचे औषध बनवतो, आणि औषध फसले की माणूस काडीलाच दोष देतो. म्हणजे नुकसान नुसत्या ग्राहकाचे होत नाही. मापात कमी देऊ नये ही शिकवण आपण तराजूपुरती धरली आहे. शब्दांचेही माप असते. दहा आण्यांचा गुण सोळा आण्यांचा म्हणून विकणे हे मापात मारणेच आहे.

दुसऱ्या प्रश्नात खरी अडचण आहे, ती आम्ही नाकारत नाही. काही काळ शेजारच्या गाडीवर जास्त गर्दी होईल. परंतु वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे तेही पाहावे. १९९२ साली केंद्र सरकारने मंजन व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. तेव्हाही पुष्कळ मंजनवाले म्हणाले होते की धंदा बसेल. ज्यांनी तंबाखू सोडला ते टिकले. आज २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२२ साली एका नामांकित टूथपेस्टला असा दंड झालाही. बड्या कंपनीला १० लाख म्हणजे किरकोळ खर्च, आमच्या घरगुती उद्योजकाला तो दुकान बंद करणारा आहे.

म्हणून आमच्या व्यापारी बांधवांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, प्रत्येक पाकिटावर भरल्याचा महिना व वर्ष, वजन, किंमत आणि आपला पत्ता छापा. बंद पाकिटासाठी हे कायद्यानेही आवश्यक आहे. मिस्वाकच्या बाबतीत तारीख म्हणजे गुणाचीच खूण आहे. दोन, काड्या थोड्या आणा, वारंवार आणा, उन्हापासून दूर आणि घट्ट बंद ठेवा. ताजेपणा हीच तुमची जाहिरात होऊ द्या. तीन, मंजन किंवा युनानी सुनून बनवत असाल तर परवाना घ्या, आणि मंजन सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचे की औषध म्हणून, ते आधी ठरवा. याच प्रश्नावर मोठमोठे उत्पादक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत, कोणी जिंकले, कोणी हरले. चार, डब्यावर एवढेच लिहा: "दात व हिरड्या स्वच्छ ठेवण्यास उपयुक्त. दात किडला असल्यास दंतवैद्यास दाखवा." ही दुसरी ओळ छापणारा पहिला व्यापारी कोण, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.

आणखी एक संधी आहे. काडीसाठी मुळ्या खणल्या की झाड मरते, आणि जंगलातील पिलू अशाने संपत चालला तर उद्या काडी आणायची कोठून? गुजरातेत भरूच येथील केंद्र सरकारच्या क्षारयुक्त जमीन संशोधन केंद्राने काळ्या खारवट जमिनीत पिलूच्या लागवडीवर काम केले आहे. आपल्याकडे अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा आहे. तेथे पिलू येईल की नाही, हे कृषी विद्यापीठाला विचारायला काय हरकत आहे? आमच्या पाच-दहा व्यापाऱ्यांनी मिळून ताज्या काडीची व पेस्टची चाचणी एखाद्या दंत महाविद्यालयाकडून करून घेतली आणि तिचा निकाल जसा आला तसा छापला, तर बाजारात त्यांची वेगळी ओळख होईल. निकाल मनासारखा आला नाही तरी तो छापावा. त्यातूनच पत निर्माण होते.

काडीचा मान ती विकणाऱ्याच्या शब्दावर टिकून आहे. त्या मुलीच्या आईने पुन्हा दुकानात यावे आणि न डगमगता काडी मागावी, असे वाटत असेल तर आज तिला सांगा की ही काडी काय करते, आणि हेही सांगा की काय करत नाही.